गाडी परत दिली, आता हिशोब द्या!

हप्त्याचे ओझे पेलवत नाही म्हणून एखादा चालक स्वतःच्या पायाने फायनान्स कंपनीच्या कार्यालयात जातो, किल्ली टेबलावर ठेवतो आणि घरी येऊन बायकोला सांगतो, ‘सुटलो एकदाचा!’ सात-आठ महिन्यांनी पोस्टमन एक जाड लिफाफा आणून देतो. आत इंग्रजीत मजकूर असतो की, तुमची गाडी विकली, तरीही तुमच्याकडे अमुक लाख रुपये बाकी आहेत, सात दिवसांत भरा. गाडीही गेली आणि कर्जही राहिले, हे गणित त्या माणसाला उमगत नाही. तो नोटिशीची घडी घालून ती फळीवरच्या डब्याखाली ठेवून देतो. आमच्या मते त्याची खरी हार इथेच होते. गाडी गेली तेव्हा तो हरलेला नसतो. कागद डब्याखाली गेला तेव्हा तो हरतो.

तालुका आणि जिल्हा न्यायालयात वकिली करताना असे लिफाफे घेऊन येणारी माणसे आम्हाला वारंवार भेटतात. कोणी रिक्षावाला असतो, कोणी छोटा हत्ती चालवणारा, कोणी भाजी मंडईत माल पोहोचवणारा. आपल्या वस्त्यांतले शिकलेले तरुण त्यांत असतातच. नोकरी मिळत नाही, बँक दारात उभी करीत नाही, म्हणून तो शोरूममध्येच बसलेल्या फायनान्सवाल्याकडे वळतो. तिथे चाळीस-पन्नास पाने पुढे येतात, ‘इथे सही, इथे सही’ असे बोट फिरते आणि अर्ध्या तासात तो मालक होऊन बाहेर पडतो. आपण कशावर सही केली हे त्याला कळते ते थेट नोटीस आल्यावर.

याबाबत वस्तीत दोन समज पसरलेले आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिला समज असा की, गाडी परत केली की कर्ज संपले. दुसरा असा की, कंपनीने आकडा लिहून पाठवला म्हणजे तो खराच असणार. पहिला समज माणसाला गाफील ठेवतो, दुसरा त्याला गुडघे टेकायला लावतो. कायदा या दोन्हींच्या मध्ये उभा आहे. गाडी विकूनही कर्ज पुरते फिटले नाही तर उरलेली रक्कम कर्जदार देणे लागतो, हे खरे. पण ती रक्कम किती, हे ठरवण्याचा एकतर्फी अधिकार कंपनीला नाही. तिने हिशोब दिला पाहिजे आणि तो सिद्ध केला पाहिजे.

एक प्रकरण सांगतो. २०२४ मधले आहे. नावे सांगण्याचे कारण नाही. एका तरुणाने मालवाहू टेम्पोसाठी ४ लाख २० हजारांचे कर्ज घेतले होते. व्याजदर १६ टक्के, मुदत ४८ महिने, हप्ता ११ हजार ९०० रुपये. त्याने २१ हप्ते वेळेवर भरले. पुढे ज्या गोदामाचा माल तो वाहत असे ते बंद पडले, चार हप्ते थकले आणि त्याने टेम्पो स्वतः चालवत नेऊन कंपनीच्या यार्डात लावला. टेम्पो सात महिने यार्डात पडून राहिला. मग नोटीस आली. बाकी २ लाख ५१ हजार रुपये.

आम्ही तो आकडा सोडवायला बसलो. उरलेल्या २७ हप्त्यांचे सरसकट ३ लाख २१ हजार ३०० रुपये लावले होते. दंड आणि चेक न वटल्याचा आकार ३८ हजार ४००, यार्डाचे भाडे १४ हजार ५००, ‘गाडी ताब्यात घेण्याचा खर्च’ १२ हजार, कायदेशीर व इतर खर्च ९ हजार ८००. एकूण ३ लाख ९६ हजार. त्यातून विक्रीचे १ लाख ४५ हजार वजा केले होते.

आता एकेक रक्कम बघा. गाडी परत केली त्या दिवशी मुद्दल आणि चार महिन्यांचे व्याज मिळून सुमारे २ लाख ८२ हजार होत होते. म्हणजे अजून न उगवलेल्या महिन्यांचे सुमारे ३९ हजार रुपये व्याज आधीच जोडले होते. विक्री होईपर्यंतचे व्याज आम्ही मागणारच, असे कंपनी म्हणेल. पण सात महिने गाडी न विकता ठेवली कोणी? गाडी त्याने स्वतः आणून दिली, मग ताब्यात घेण्याचा १२ हजार खर्च कुठून आला? यार्डात पडून राहिली ती कंपनीच्या सुस्तीने, मग भाडे त्याने का द्यायचे? आणि सर्वांत मोठा प्रश्न किमतीचा. त्याच वर्षीच्या विमा पॉलिसीत त्या टेम्पोचे मूल्य २ लाख ६० हजार धरले होते. तो १ लाख ४५ हजारांना कोणाला विकला, कोणत्या लिलावात विकला, बोली किती जणांनी लावली, याबद्दल एक ओळही नव्हती. गाडी वेळेत २ लाख ४० हजारांना गेली असती, तर बाकी राहिली असती ४० ते ४५ हजार. अडीच लाख आणि पंचेचाळीस हजार यांच्यातले अंतर म्हणजे गरिबाच्या घरातल्या मुलीचे शिक्षण असते.

कायदा काय म्हणतो? वाहन कर्जात गाडी बहुधा नजरगहाण असते. कागदावर त्याला हायपोथिकेशन म्हणतात. कंपनीने गाडी एकदा ताब्यात घेतली की तिच्या हातात तारण आले. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १७६ सांगते की, तारण विकण्यापूर्वी कर्जदाराला वाजवी नोटीस दिली पाहिजे. विकून पैसे कमी पडले तर उरलेले कर्जदाराने द्यायचे, आणि जास्त आले तर वरचे पैसे कर्जदाराला परत करायचे. कलम १७७ प्रमाणे प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत थकबाकी भरून तारण सोडवण्याचा हक्क कर्जदाराला आहे. तारणही स्वतःकडे ठेवायचे आणि पूर्ण कर्जही वसूल करायचे, असे दोन्ही हातांनी घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच लल्लन प्रसाद विरुद्ध रहमत अली या खटल्यात सांगितले आहे.

रिझर्व्ह बँकेनेही बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांना नियम घालून दिले आहेत. ताबा घेण्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीपूर्वी कर्जदाराला शेवटची संधी, गाडी परत देण्याची आणि लिलावाची पद्धत, हे सर्व करारात लिहिलेले असले पाहिजे. कराराची प्रत कर्जदाराला दिली पाहिजे. कंपनीचा पत्रव्यवहार कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. दंडाच्या बाबतीत २०२३ च्या परिपत्रकाने आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. दंड हा व्याजदर वाढवून लावता येत नाही आणि दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. एवढे नियम असताना आपल्या माणसाच्या हातात इंग्रजी नोटीस पडते आणि कराराची प्रत त्याच्याकडे नसते, याचा अर्थ काय घ्यायचा?

म्हणून नोटीस आली की पहिले काम उत्तर देण्याचे. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, साध्या मराठीत चालेल. त्यात हप्ता न हप्ता दाखवणारा खातेउतारा मागा. विक्रीपूर्वी पाठवलेल्या नोटिशीची प्रत आणि ती मिळाल्याची पोच मागा. मूल्यांकनाचा अहवाल, लिलावाची माहिती, लागलेल्या बोल्या आणि विक्रीची तारीख मागा. प्रत्येक खर्चाची पावती मागा. करारातील कोणत्या कलमाखाली हा खर्च लावला ते विचारा. आणि शेवटी स्पष्ट लिहा की, हा हिशोब मिळेपर्यंत मागणी मान्य नाही. फोनवर एक शब्दही कबूल करू नका. ‘बाकी मान्य आहे, थोडी मुदत द्या’ असे लिहून दिले किंवा हजार रुपये भरून तशी सही केली, तर मुदत कायद्यातील तीन वर्षांची मुदत, ती अजून संपलेली नसेल तर, त्या दिवसापासून पुन्हा मोजली जाऊ शकते. वसुलीवाला ‘फक्त हजार टाका’ म्हणतो तेव्हा तो दया करीत नसतो.

लवादाबाबत विशेष सावध राहिले पाहिजे. बहुतेक करारांत वाद लवादाकडे नेण्याचे कलम असते आणि लवाद नेमण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. मग परराज्यातल्या एखाद्या शहरातून पत्र येते, आपला माणूस जात नाही आणि एकतर्फी निवाडा होतो. तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. परंतु ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्यानेच लवाद नेमायचा, हे चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन खटल्यात सांगितले. लवाद नेमताना दोन्ही पक्षांना समान वागणूक मिळाली पाहिजे, हे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने पुन्हा अधोरेखित केले. वादीने स्वतःचा पंच आणून बसवायचा आणि त्याला न्याय म्हणायचे, हे आपण गावात पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. तेव्हा लवादाचे पत्र आले की ‘ही नेमणूक आम्हाला मान्य नाही’ असे ताबडतोब लेखी कळवा. ‘लवादाबद्दल हरकत नाही’ असा छापील कागद पुढे आला तर त्यावर सही करू नका. निवाडा झालाच असेल तर त्याची प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत न्यायालयात आव्हान द्यावे लागते. सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. रजिस्टर पत्र ‘घेण्यास नकार’ म्हणून परत पाठवणाऱ्याला आपण हुशारी केली असे वाटते. कायद्याच्या दृष्टीने ते पत्र त्याला मिळालेले असते.

कोऱ्या चेकचेही तसेच. कर्ज घेताना सही करून दिलेले कोरे चेक कंपनीकडे पडून असतात. त्यांतला एक पूर्ण रकमेचा भरून बँकेत टाकला जातो आणि कलम १३८ ची फौजदारी कारवाई सुरू होते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर गेलेच पाहिजे. सही केलेला कोरा चेक म्हणजे बचाव आपोआप झाला, असे नाही. २०१९ च्या बीर सिंग खटल्यात न्यायालयाने कर्जदाराविरुद्धचे गृहीतक कायम ठेवले आहे. पण चेक दिल्यानंतर काही रक्कम फिटली असेल आणि तरीही जुनाच पूर्ण आकडा चेकवर टाकला असेल, तर तो चेक त्या दिवशीचे खरे देणे दाखवीत नाही, हे २०२२ च्या दशरथभाई पटेल खटल्यात न्यायालयाने मान्य केले. म्हणजे पुन्हा प्रश्न हिशोबाचाच. समन्स आले तर मात्र तारखेला हजर राहा. गैरहजेरीत वॉरंट निघते.

आमच्या त्या प्रकरणात सर्वांत जास्त सोसले ते जामीनदाराने. तो नगरपालिकेतला कायम सफाई कामगार. टेम्पोवाल्याचा लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर कर्ज मिळाले होते. वसुलीवाले त्याच्या हजेरीच्या ठिकाणी सकाळी जाऊन उभे राहिले आणि चार लोकांत ‘कर्जबुडव्याचा जामीन’ म्हणून त्याचा उद्धार केला. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. दंडेली करून वसुली करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश कौर खटल्यात २००७ मध्येच बजावले आहे. वसुलीच्या नावाखाली धमकी, जाहीर अपमान यांना रिझर्व्ह बँकेची मनाई आहे आणि तगाद्याचे फोन सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते हे खरे. पण कंपनीने तारण बेपर्वाईने घालवले, तर त्या किमतीपुरता जामीनदार मोकळा होऊ शकतो, असे करार कायद्याचे कलम १४१ सांगते. करारात हा हक्क सोडल्याचा मजकूर बारीक अक्षरात दडवलेला असतो, म्हणून आधी करार वाचावा. पगाराला हात लावायचा तर न्यायालयाचा आदेश लागतो. वसुलीवाल्याच्या आवाजाला तो अधिकार नाही.

शेवटी काय झाले? आम्ही हिशोब मागितला. कंपनीकडून करार आणि खातेउतारा आला, विक्रीपूर्व नोटीस काही आली नाही. लवादाचे पत्र आले, त्याला लेखी हरकत घेतली. चार महिन्यांनी कंपनीचा अधिकारी बोलायला तयार झाला आणि ४५ हजारांवर, तीन हप्त्यांत, प्रकरण मिटले. चेक परत आले, ‘काही येणे नाही’ असा दाखला मिळाला. मात्र पत नोंदीत, ज्याला लोक सिबिल म्हणतात, तिथे कर्ज ‘फिटले’ऐवजी ‘तडजोडीने मिटवले’ असे लागले आणि त्यामुळे त्याला नवे कर्ज मिळणे अवघड झाले. ती अट तडजोडीआधी लेखी घ्यायला हवी होती. ती चूक आमची. वाचकांनी ती करू नये. दोघे मित्र आता बोलतात, पण पूर्वीसारखे येणे-जाणे राहिले नाही. त्याचा हिशोब कोणत्याही लवादापुढे मांडता येत नाही.

आम्ही कर्ज बुडवायला सांगतो आहोत, असा अर्थ कोणी काढू नये. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात लपवणे, नंबरप्लेट बदलणे, असले प्रकार करणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाही. भाडे-खरेदी करारात सर्व हप्ते फिटेपर्यंत मालकी कंपनीचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्प खटल्यात पुन्हा सांगितले आहे. देणे असेल ते दिलेच पाहिजे. पण देणे किती, हे धाकाने नव्हे तर हिशोबाने ठरले पाहिजे.

ही मागणी नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हा त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यानंतर १८७९ मध्ये आलेल्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना सांगितले की, निव्वळ रोख्यावरची सही पाहून निकाल देऊ नका, व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा हिशोब तपासा. आज रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. म्हणजे गावच्या सावकाराला जो राज्याचा कायदा लागतो तो मोठ्या कंपनीला लागत नाही. मग रिझर्व्ह बँकेची जबाबदारी वाढते. विक्रीनंतर ठरावीक दिवसांत लिलावाची किंमत आणि पूर्ण हिशोब कर्जदार व जामीनदार या दोघांना त्यांच्या भाषेत दिल्याशिवाय बाकीची मागणीच करता येणार नाही, असा नियम झाला पाहिजे. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी विचारले होते की, ज्याच्या पोटाला काम नाही त्याच्यापुढे कोणत्याही अटी ठेवल्या तर तो काय निवडणार? शोरूममधल्या त्या पन्नास सह्यांना हाच प्रश्न लागू पडतो.

तोपर्यंत आपण काय करायचे? गाडी परत करण्याची वेळ आलीच तर ‘विक्रीनंतरची संपूर्ण बाकी भरण्यास बांधील’ असे छापलेल्या पत्रावर डोळे मिटून सही करू नका. टायर, बॅटरी, ताडपत्री, मीटरचे आकडे यांची यादी करा, फोटो काढा, तारखेसह पोच घ्या. आरटीओला लेखी कळवा. कारण नोंद तुमच्या नावावर असेपर्यंत चलन आणि अपघाताची भरपाईही तुमच्याच दारात येऊ शकते. कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. एकच गाडी स्वतःच्या पोटासाठी चालवणारा माणूस ग्राहक ठरतो, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० नंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा म्हणून हा हक्क आहे. तालुका न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असते. किती जणांनी त्याचा दरवाजा ठोठावला आहे?

आपल्या वस्तीत शिकलेली मुले आहेत, निवृत्त कारकून आहेत, वकील आहेत. रविवारी विहारात माणसे जमतातच. त्यानंतर एक तास एक टेबल मांडा आणि लोकांना सांगा की डब्याखालचे कागद घेऊन या. कोणाची नोटीस, कोणाचा करार, कोणाचा निवाडा. मोठ्याने वाचा, तारखा लिहून काढा, उत्तर तयार करा. दहा घरांचे कागद एका टेबलावर आले तर तोच आकार, तीच छापील सही, तोच लवाद दहादा दिसेल, आणि मग एकट्याची लाज दहा जणांची तक्रार होईल. कर्ज काढणे हा गुन्हा नाही आणि हिशोब मागणे हा उद्धटपणा नाही. ज्यांनी किल्ली परत दिली त्यांनी आता ताठ मानेने एवढेच विचारावे, आमची गाडी घेतलीत, आता तिचा हिशोब द्या.